निळा कप आणि आत्याचं चिपटं

अगं, काल तुझा फोन आला तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी होत होती, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या घरापुढे 'इस्टेट सेल'ची पाटी लागलीय, अनोळखी लोक आत शिरतायत आणि दिवे, खुर्च्या, फुलदाण्या घेऊन बाहेर पडतायत. तुला प्रश्न पडलाय की कुणाच्या राहत्या घरात असं कसं घुसायचं. मला पहिल्यांदा अगदी हेच वाटलं होतं. क्लीव्हलंडला येऊन तेव्हा मला दोन वर्षं झाली होती. मी दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

फोन ठेवता ठेवता तू दुसरं सांगितलंस. डिसेंबरात वाईला आत्याकडे जाणार आहेस, वाडा बिल्डरला द्यायचं नक्की झालंय आणि आतेदादा म्हणालाय, "ज्याला जे हवं ते घेऊन जा." तुला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत असतील. मला त्या तशा वाटत नाहीत. म्हणून बसून सविस्तर लिहितेय. वाचताना हाताशी चहा घे.

आधी इथलं सांगते. इथे घरातलं म्हातारं माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात राहायला गेलं, की लांबच्या राज्यांतली मुलं चार दिवसांची रजा काढून येतात. घर रिकामं करायला त्यांच्याकडे वेळ नसतो. मग एखादी कंपनी बोलावतात. कंपनीची माणसं प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावतात, फोटो काढून इंटरनेटवर टाकतात आणि दोन-तीन दिवस घर उघडं ठेवतात. जे विकलं जाईल त्यातला वाटा कंपनीचा. बहुतेक ठिकाणी पहिल्या दिवशी किमती पक्क्या असतात, दुसऱ्या दिवशी थोड्या उतरतात आणि शेवटच्या दिवशी पुष्कळ वस्तू निम्म्यावर येतात. चांगल्या घराचा सेल असला तर लोक पहाटेपासून नंबर लावतात. माझं म्हणशील तर रोजच्या वापरातली एखादी वस्तू मनापासून हवी असेल तर पहिल्या दिवशी जावं. कपाट-टेबलासारखं जड सामान हवं असेल तर शेवटच्या दुपारी जावं, कारण तोवर ते उचलून नेणारं कुणी मिळालेलं नसतं.

तर जा तू. संकोच करू नकोस, फक्त पाहुणी म्हणून गेल्यासारखी वाग. पाय पुसून आत जा, आवाज हळू ठेव, उचललेली वस्तू जिथल्या तिथे ठेव. कधी कधी घरातलं माणूस तिथेच एखाद्या खुर्चीत बसलेलं असतं. एकदा एका घरात मी पलंगाखाली सपाता पाहिल्या होत्या, टाचेकडे झिजलेल्या. त्या दिवशी मी काहीच न घेता बाहेर आले.

पर्समध्ये मोजायची टेप, छोटी बॅटरी, भिंग, लोहचुंबक आणि सुटे पैसे असू देत. चुंबक कशासाठी, तर पितळ म्हणून सांगितलेल्या वस्तूला तो चिकटला तर आत लोखंड आहे, वरून नुसता मुलामा. चांदीच्या चमच्यांवर 'स्टर्लिंग' किंवा 925 कोरलेलं आहे का ते भिंगातून बघ. 'ईपीएनएस' लिहिलेलं असेल तर वरचा थर तेवढा चांदीचा. आणि दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटापाशी अजिबात रेंगाळू नकोस. तिथे व्यापारी आधीच पोचलेले असतात. तू सरळ स्वयंपाकघरात जा, ओट्याखालची कपाटं उघड, मग तळघरात उतर. कपडे धुवायच्या मशीनवरची फळी बघ, शिवणाचा डबा बघ. घर चालवणाऱ्या बाईचा हात जिथे रोज फिरला, तिथे खऱ्या वस्तू असतात.

तू विचारलंस की मी इतकी वर्षं काय शोधत असते. बिडाचे तवे. खरंच सांगते, इथे आल्यावर पहिली दोन वर्षं माझं घावन एकदासुद्धा धड निघालं नव्हतं. आईचा बिडाचा तवा विमानातून आणायची तेव्हा हिंमत झाली नाही. आणि मग एका तळघरात, रंगाच्या डब्यांच्या मागे, गंजलेला, तेलाच्या थरांनी काळा ठिक्कर पडलेला एक तवा सापडला. उलटा करून अंगठ्याने घासला तर वर्तुळातला क्रॉस दिसला आणि त्यात नाव, ग्रिस्वोल्ड, खाली ईरी, पेनसिल्व्हेनिया. ईरी म्हणजे आमच्या क्लीव्हलंडहून सरोवराच्या काठाकाठाने पूर्वेला गेलं की लागतं ते गाव. 1865 मध्ये तिथे हा कारखाना निघाला आणि 1957 मध्ये बंद पडला. आपल्या ओहायोतल्याच सिडनी गावी वॅग्नर नावाचा दुसरा कारखाना होता, त्याचेही तवे तितकेच चांगले. नव्या बिडाच्या तव्याला हात लावलास तर तो खरखरीत लागतो. हे जुने तवे ओतल्यावर आतून घासून गुळगुळीत करत, म्हणून घावन त्यांच्यावर असं सुटून येतं की उलथनं नुसतं टेकवावं लागतं.

असा तवा दिसला तर आधी टेबलावर सपाट ठेवून फिरवून बघ. भोवऱ्यासारखा गिरकी घ्यायला लागला तर बूड वाकलंय, घेऊ नकोस. मग बोटाच्या पेराने ठोकून बघ. घंटेसारखा नाद यायला हवा. बद्द आवाज आला तर कुठेतरी बारीक चीर आहे. वर 8 आकडा असेल तर ते 8 इंच समजू नकोस. तो जुन्या शेगडीच्या तोंडाचा आकडा आहे, तवा साडेदहा इंचांच्या आसपास भरतो. दोन माणसांच्या घराला तोच बरा. गंजाला घाबरू नकोस, गंज जातो. मात्र त्यात कुणी मासेमारीच्या गळाची वजनं करायला शिसं वितळवलेलं नाही ना, याची खात्री शिसं तपासायच्या पट्टीने करून घे. आणि ओव्हनच्या आपोआप साफ होण्याच्या प्रचंड उष्णतेत तवा कधी ठेवायचा नाही. माझा दुसरा तवा असाच तडकला. घासून, वाळवून, तेलाचा अगदी पातळ हात देऊन, तापवून, पुन्हा तेल पाजून, असं चार-पाच वेळा केलंस की तो आईच्या तव्यासारखा काळाभोर होतो.

बाकी रंगीत काचेचे पायरेक्सचे वाडगे तुला पुष्कळ दिसतील. डिशवॉशरने ज्यांचा रंग पुसट केलाय ते सोड, चकाकी शाबूत असलेले घे. 1958 पासून निघालेली कॉर्निंगवेअरची निळ्या फुलांची भांडी म्हणजे तर इथली आपल्या आईंची स्टीलची पातेलीच, घरोघरी असायची. त्यांच्या हजारो डॉलरच्या किमतीच्या गोष्टी इंटरनेटवर वाचून भुलू नकोस. कुणीही काहीही मागू शकतं, प्रत्यक्ष किती डॉलरला वस्तू गेली तेवढंच बघायचं. जुन्या रंगवलेल्या चिनी मातीच्या बशीत चिंच-लिंबाचं काही वाढू नकोस, रंगात शिसं असू शकतं. भिंतीवर लाव, छान दिसते.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसले ते सांगते.

चार वर्षांपूर्वी एका पोलिश बाईंच्या घरच्या सेलमध्ये मला पत्र्याचा एक छोटा डबा मिळाला, दोन डॉलरला. आत त्यांच्या हाताने लिहिलेल्या पाककृतींची कार्डं, दीडशेच्या वर. लोण्याचे डाग पडलेली, कडा मऊ झालेली. कुठे 'ईस्टर', कुठे 'थोरल्याला आवडतं' असं लिहिलेलं. त्यात एक खसखशीच्या रोलचं कार्ड आहे. त्यावर पिठाचं माप कसं दिलंय माहितीय? 'निळा कप, तीनदा.' बस. मी धावत परत स्वयंपाकघरात गेले. कपांची फळी रिकामी झाली होती. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तिला काय ठाऊक असणार, ती कंपनीची. मुलगा गाडीत सामान भरत होता, त्याला विचारलं. तो थोडा वेळ थांबला, आठवायचा प्रयत्न केला आणि म्हणाला, आमच्याकडे निळे कप बरेच होते.

तो रोल मी सहा-सात वेळा करून पाहिला. कधी घट्ट होतो, कधी फुटतो. कार्ड माझ्याकडे आहे, अक्षर माझ्याकडे आहे, आणि तो पदार्थ कायमचा गेला. पंधरा मिनिटं आधी पोचले असते तर कदाचित कप मिळाला असता. पण चार महिने आधी कुणी त्या बाईंच्या शेजारी बसून विचारलं असतं, तर कपाचीही गरज पडली नसती.

म्हणून वाईचं ऐक. इथे विचारायला कुणी नसतं. तिथे आत्या आहे. ब्याऐंशी वर्षांची आहे, कान थोडे गेलेत, पण कुठला डबा कुठल्या फडताळात ते तिला झोपेत विचारलंस तरी सांगेल. गेल्या गेल्या माळ्यावर चढू नकोस. पहिला दिवस नुसती ओटीवर बस तिच्यापाशी. दुसऱ्या दिवशी तिला म्हण, "आत्या, मला घर दाखव ना." ती हातात काठी घेऊन पुढे चालू दे, तू मागे. फोन रेकॉर्डिंगवर ठेव आणि विसरून जा. ती ज्या वस्तूपाशी थांबेल तिथे थांब. जिच्यापाशी ती थांबणार नाही, तिची चौकशी दुसऱ्या फेरीत कर.

माझी चूक सांगते, म्हणजे तुझ्या हातून ती होणार नाही. सहा वर्षांपूर्वी आत्याने मला तिच्या सासूबाईंचा तांब्याचा गडू दिला होता, आठवतो? पोटाशी जरा चेपलेला. मला तो लखलखीत हवा होता, म्हणून परतताना एका दुकानात मशीनवर पॉलिश करायला दिला. आरशासारखा झाला. परत वाईला नेऊन मोठ्या हौसेने आत्याच्या हातात ठेवला. तिने तो फिरवला आणि गळ्याखालच्या एका जागेवर अंगठा फिरवत राहिली. तिथे ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. सासूबाईंचं माहेरचं नाव. लग्नात त्यांचं नाव बदललेलं, माहेरचं पूर्ण नाव दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नव्हतं. रुखवतात आलेल्या त्या एका गडूवर तेवढं होतं. आता तिथे सात-आठ ठिपके उरलेत. आत्याला पहिलं नाव आठवतं, माहेरचं आडनाव नाही. ती मला एका शब्दाने बोलली नाही. "छान उजळलाय गं," एवढंच म्हणाली. ते मला अजून लागतं.

तेव्हा तांब्या-पितळेला मशीन लावायचं नाही. चिंच, मीठ आणि हाताचा जोर, बास. त्याआधी प्रत्येक भांड्यावर बॅटरी आडवी धरून बघ. उजेड बाजूने पडला की पुसट ठिपक्यांची सावली पडते आणि नाव वाचता येतं. पातळ कागद वर धरून पेन्सिल आडवी घासलीस तरी अक्षरं उमटतात. नाव, साल, 'यांजकडून भेट', जे असेल ते लिहून घे आणि आत्याला वाचून दाखव. बघ, एकेका नावाला ती पंधरा-पंधरा मिनिटं बोलेल.

भांडं हाताने घडवलेलं आहे की साच्यातलं, तेही ओळखायला शीक. आत्याच्या न्हाणीघरातला बंब आणि मोठं घंगाळ पुण्याच्या तांबट आळीतलं आहे. त्यावर हातोडीच्या ठोक्यांचे एकसारखे चट्टे दिसतील, उजेडात चमकणारे. त्याला मठारकाम म्हणतात. ते नुसतं शोभेसाठी नसतं, ठोक्यांनी पत्रा कडक होतो. आतून हात घातलास तर झाळून जोडलेला सांधा बोटाला लागेल. अशी भांडी मोडीत घालताना वजनावर जातात, घडवणाऱ्याच्या हाताचा त्यात एक रुपया धरत नाहीत. आतेदादाला हे शांतपणे सांग. पितळेची पातेली वापरायला आणणार असशील तर आधी कल्हई करून घे. कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी-ताक कळकतं, हे तुला ठाऊक आहेच.

माजघराच्या खुंटीवर कंदील असेल. त्यावर 'प्रभाकर' नाव शोध. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला 1916 साली ओगले बंधूंनी काचकारखाना उभारला, त्यांचा हा कंदील. आपल्या सातारा जिल्ह्यातलाच. परदेशी कंदिलांच्या काळात आपल्या माणसांनी आपल्या गावात काच ओतून, पत्रा वळवून दिवा बनवला, याचं मला फार अप्रूप आहे. तो असेल तर मला हवाय. काच फुटली असली तरी हवाय.

शिलाई मशीन सिंगरचं आहे. त्याच्या अंगावर, खालच्या बाजूला, अक्षर आणि आकडे कोरलेले असतील. तो क्रमांक उतरवून पाठव, त्यावरून कारखाना आणि साल दोन्ही कळतं. आपल्याकडची कितीतरी सिंगर मशीनं स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातून आलेली असत, आणि मी इथे घेतलेलं मशीन न्यू जर्सीतल्या एलिझाबेथचं आहे. आत्या आणि मी, दोघींच्या पायाखाली एकाच घराण्याची मशीनं. मशीन उचलून आणायचा विचार करू नकोस. त्याचा ड्रॉवर मात्र उघड. त्यात आत्याने परकर-पोलक्यांची मापं लिहिलेली कागदं ठेवलीत, तुझ्या पाचव्या वाढदिवसाच्या फ्रॉकचंसुद्धा माप आहे.

पत्र्याच्या ट्रंकेतल्या साड्यांना हात लावताना बांगड्या काढून ठेव. नऊवारी पैठणी असेल तर पदर उलटून बघ. हातमागावरच्या खऱ्या पैठणीत मोर, वेल मागूनही जवळजवळ तसेच दिसतात, सुटे धागे लोंबत नाहीत. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीवरच चिरतं. घडी हळूच मोड, उजेडात पण उन्हात नव्हे अशी पसर आणि जुन्या मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेव. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नकोस. आणि दारावर 'जुनी जरी' म्हणत येणाऱ्याला कुणी साडी देणार नाही, एवढं बघ. तो ती जाळून आतली चांदी काढतो. आपल्या घरांतल्या कितीतरी पैठण्या अशाच गेल्या, आणि काही बोहारणीच्या टोपलीत, एका स्टीलच्या डब्याच्या बदल्यात. धडकी पैठणी कापून ड्रेस शिवणं मला मान्य नाही. विरलेली असेल आणि फक्त पदर धड असेल, तर गोष्ट वेगळी.

माळ्यावर रद्दीचे गठ्ठे असतील. रद्दीवाला येण्याआधी तू ते सोड. आत्याच्या यजमानांना, म्हणजे काकांना, वाचनाचा नाद होता. 'किर्लोस्कर', 'स्त्री', जुने दिवाळी अंक निघतील. मराठीत दिवाळी अंकाची प्रथा 1909 साली 'मनोरंजन'ने सुरू केली, तितकं जुनं काही निघेल असं नाही, पण दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं असलेली 'दीपावली' नक्की निघेल. दलालांनी रंगवलेल्या बायका आठव, काय डोळे असतात! किलोच्या भावाने ते डोळे जाऊ देऊ नकोस.

लाल कापडात बांधलेले रुमाल दिसले, आणि आत मोडी लिपीतले कागद असले, तर गाठ सोडून चिवडत बसू नकोस. फोटो काढ, जसे आहेत तसे कोरड्या जागी ठेव आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी कर. 1910 मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी आणि मेहेंदळ्यांनी ते स्थापन केलं. राजवाडे असेच गावोगावच्या वाड्यांत जाऊन, लोकांच्या माळ्यांवरून कागद मिळवत हिंडले, त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे 22 खंड झाले. आपल्याकडच्या रुमालात कदाचित नुसता जमिनीचा हिशेब असेल. तरीही वाचणाऱ्याच्या हाती तो जाऊ दे.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगते. देवघरातली जुनी मूर्ती, जुनं कोरीवकाम, हस्तलिखित पोथी, यातलं काहीही बॅगेत घालायचं नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात 100 वर्षांपूर्वीच्या अशा वस्तू आणि महत्त्वाची हस्तलिखितं 75 वर्षांपूर्वीची असली तरी देशाबाहेर नेता येत नाहीत. हस्तिदंती फासे, कंगवा, हरणाची शिंगं यांनाही हात नको, त्यांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे. आणि कायदा नसता तरी देव आत्याचे आहेत, त्यांनी तिच्यासोबत नव्या फ्लॅटमध्ये जायचंय.

वाईला जाण्याआधी पुण्यात एक सकाळ काढून केळकर संग्रहालय बघून ये. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दारोदार फिरून अडकित्ते, दिवे, वज्री, फण्या असल्या घरगुती वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या स्मृतीसाठी तो संग्रह दिला. ते पाहून आलीस की आत्याच्या घरातली चिमणीसुद्धा तुला निराळी दिसेल. बुधवारी किंवा रविवारी पुण्यात असशील तर मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातही चक्कर मार, पण घ्यायला नको, बघायला. मुंबईत चोरबाजारात मटन स्ट्रीटवर गेलीस तर चकचकीत पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन घेऊ नकोस. बहुतेक नवेच, सुटे भाग जुळवून केलेले असतात. माझ्या ओळखीच्या एकीने मोठ्या किमतीला घेतला, त्यावर 'एचएमव्ही'चा कुत्रासुद्धा नवाच चिकटवलेला निघाला.

आता नाजूक विषय. दादा म्हणाला 'हवं ते घेऊन जा', ते त्याच्या मोठ्या मनाने म्हणाला. पण वहिनी काय म्हणाली ते तू विचारलंस का? लग्न होऊन ती त्या घरात आली त्याला तीस वर्षं झाली. ती परात, ते हंडे, त्या समया दर दिवाळीला आणि दर गौरींना तिने घासल्यात. आपण सुट्टीत जाऊन आंबे खाल्ले. तेव्हा पहिला हक्क तिचा, मग आतेबहिणींचा, मग आपला. तिला आत बोलावून, दादाच्या समोर नाही, विचार, "वहिनी, तुम्हाला कशाकशात जीव आहे ते आधी बाजूला काढा." तिने बाजूला काढलेल्या ढिगाकडे नंतर वळूनही बघू नकोस. 'याची बाहेर किंमत किती येईल' हे वाक्य त्या घरात कुणाच्याही समोर उच्चारू नकोस, आत्यासमोर तर नाहीच. वस्तू घेशील तेव्हा आत्याच्याच हातून घे, आणि घेताना तिचा हात वस्तूवर असतानाचा एक फोटो काढ. मागे चिठ्ठी बांध: कुणाची, कुठून आली, कशाला वापरत. दोऱ्याने बांध, चिकटपट्टी नको, डाग पडतो.

तुझ्या दोन बॅगांत 23-23 किलो बसेल, त्यात लोणची-पापड आलेच. मला तेवढ्यातून काय आणशील म्हणशील, तर कंदील, जमला तर. आणि स्वयंपाकघरातल्या फडताळात, सर्वांत खालच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे पितळेचं एक चिपटं आहे. मूठभर उंचीचं, काठावर सरकारी छाप उठवलेलं. मोजमापं बदलून किलो-लिटर आले ते 1958 नंतर टप्प्याटप्प्याने, त्याआधीचं आहे ते. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. आत्या अजून भाजणी त्यानेच मोजते. तांदूळ इतकी चिपटी, हरभऱ्याची डाळ इतकी, धणे मूठभर. आईनेही तिच्याकडूनच घेतली होती ती भाजणी, पण आईने वाटीवर आणली आणि तिथेच काहीतरी हरवलं. आत्याची कडबोळी दातांखाली जशी विरघळतात, तशी आईची कधी झाली नाहीत, हे आईही कबूल करायची.

ते चिपटं मागू नकोस. तिला रोज लागतं. तू नेलंस तर ती नव्या घरात वाटीने मोजायला लागेल. तू फक्त एक दुपार भाजणीला बसव तिला. तिच्या शेजारी पाटावर बस, तराजू घेऊन जा, तिने भरलेलं प्रत्येक चिपटं आपल्या ताटात ओतून वजन कर आणि लिही. आणि मला एवढं विचारून सांग. मी लहानपणी शंभरदा पाहिलंय तिला भरताना, पण डोळे मिटले की कधी तळहात फिरवून सपाट करताना दिसते, कधी वर डोंगर राहू देताना. तांदूळ सपाट घेते का शीग ठेवून? आणि डाळ?